अंबाजोगाईची शाई

बीड जिल्ह्याशी आपली, म्हणजे पुण्यामुंबईकडच्या नोकरदार मंडळींची, ओळख बहुधा तीन वाटांनी होते. पहिली वाट देवधर्माची. कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी, आणि परळीचा वैजनाथ तर भाविकांच्या लेखी ज्योतिर्लिंगच. दुसरी वाट वर्तमानपत्राची. दुष्काळ, टँकर, चारा-छावण्या ही बातमी आली की तिच्यात बीडचे नाव असायचेच. तिसरी वाट आपल्या घरातल्या साखरेच्या डब्यातून जाते, पण ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दर वर्षी ऊस तोडायला जी माणसे जातात, त्यांत या जिल्ह्यातल्यांची संख्या फार मोठी. सकाळच्या चहात त्यांचे कष्ट ढवळून आपण पितो. जिल्हा मात्र मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावा लागतो.

यंदा या तिन्ही वाटांवरून हिंडता हिंडता मला एक चौथी वाट सापडली. ती शाईची वाट. दिव्याच्या काजळीपासून निघून ती थेट आजच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते, आणि तिचा बराचसा भाग मराठवाड्यातूनच जातो, हे समजल्यावर मला ती तुमच्यापुढे मांडल्यावाचून राहवेना.

निमित्त वहिनींचे. कुलदेवतेला जाऊन येऊ, असे त्या तीन वर्षे म्हणत होत्या. दसरा उलटून आठवडा झाला होता. बरोबर पुतणी होती. ती एम्‌.एस्‌सी.ला पदार्थविज्ञान घेऊन बसली आहे आणि हल्ली तिला जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली दिसते. आमच्याकडे कुणी चहा फार गोड झाला म्हटले, तरी ती साखरेच्या रेणूपासून सुरुवात करते. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी आली. बीडकरांनी तिची वाट किती पिढ्या पाहिली, ते त्यांनाच विचारावे. आम्ही मात्र मोटारीनेच गेलो.

बीड गावात कंकालेश्वराचे देऊळ पाहावे. पाण्याने भरलेल्या कुंडाच्या मधोमध ते उभे आहे. मग गावाबाहेरची खजाना विहीर पाहावी. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात ती बांधली. सरदार सलाबतखानाने ती बांधवली असे सांगतात. नावाप्रमाणे तिच्यात सोन्याच्या मोहरा वगैरे काही नाहीत. खजिना आहे तो पाण्याचा, आणि त्याहून अधिक अकलेचा. विहिरीला आतून भुयारे फोडलेली आहेत. जमिनीतले पाणी त्यांतून विहिरीत येते आणि नुसत्या उताराच्या बळावर दुसऱ्या भुयाराने शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाही, पंप नाही. वर उन्हाने भेगाळलेली जमीन आणि खाली मुकाट चाललेले पाणी.

पुतणी कठड्याशी वाकून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "काका, जमिनीत पाणी असून भागत नाही. एका भेगेतून दुसऱ्या भेगेत, दुसरीतून तिसरीत असा सलग मार्ग लागला पाहिजे. एका जागी जरी अडलं, तरी सगळं अडलं."

"विहीर बांधणाऱ्याला हे ठाऊक असणारच," मी म्हटले.

"असणारच. पण विजेचंही अगदी असंच असतं!"

या वाक्याचा अर्थ मला अंबाजोगाईला कळायचा होता.

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचे पठार लागते. दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांची लांबलचक पाती सावकाश फिरताना दिसतात. खाली बाजरीची काढणी आणि कापसाची वेचणी चाललेली. केजच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर डोक्याला पटका बांधलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. समोर एक ट्रक उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, एक शेळी, दोन कोंबड्या आणि चार-पाच पोरे भरलेली.

"कुठं निघाले हो?" वहिनींनी विचारले.

"कारखान्यावर, बाई. माझंच पोरगं हाय. ह्यांचा एक कोयता धरलाय मुकादमानं."

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती पुढे फड तोडून फेडायची.

"दिवाळी करून नाही का जायचं?" वहिनी म्हणाल्या.

"दिवाळी तिकडंच, फडात. एक पणती लावली की झाली दिवाळी."

वहिनी गप्प झाल्या. मग उठून त्यांनी डब्यातले लाडू ट्रकमधल्या पोरांना दिले. यापलीकडे त्या काय करणार होत्या?

संध्याकाळी अंबाजोगाईला पोचलो. निजामाच्या राजवटीत या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळाची छावणी होती. योगेश्वरीचे देऊळ जयंती नदीच्या काठी आहे. देवीची कथा आपल्या आजीने सांगितलेलीच आहे. परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला देवी कोकणातून निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड इथेच दगड होऊन राहिले आणि देवी कुमारिकाच राहिली. गावाबाहेर खडकात कोरलेली लेणी आहेत. त्यांना हत्तीखाना म्हणतात, आणि तिथले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असे लोक सांगतात. इथून परळी पंचवीसेक किलोमीटर. इतक्या जवळ येऊन लग्न मोडावे, याचे वहिनींना अजून वाईट वाटते.

पण अंबाजोगाई देवीची तशीच मराठी भाषेचीही. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी इथल्याच दरीत दाखवतात. आणि इथेच दासोपंत राहिले.

दासोपंतांचा जन्म १५५१ चा, समाधी १६१५ ची. दत्ताचे भक्त, आणि मराठीत त्यांच्याइतके लिहिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. रोज ढबू पैशाची शाई त्यांना लिहायला लागे, अशी आख्यायिका आहे. त्या काळी एका ढबूची शाई म्हणजे पुष्कळ झाली. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडावर लिहिले. ती 'पासोडी' अंबाजोगाईत आजवर जपून ठेवलेली आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड वस्त्र. ही चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद. तिच्यावर ओव्यांनी आणि आकृत्यांनी 'पंचीकरण' मांडले आहे.

पंचीकरण म्हणजे काय, हे वहिनींनी सांगितले. त्यांच्या माहेरी वेदान्ताचे वाचन होते. पाच महाभुतांपैकी प्रत्येकाचे अर्धे स्वतःचे, आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा एकेक अष्टमांश. अशा मिश्रणातून हे दिसणारे जग झाले, असा तो विचार. पुतणी लगेच म्हणाली, "म्हणजे लहान वस्तू एकत्र येऊन मोठी कशी होते, हाच प्रश्न!" प्रश्न तोच, हे खरे. मात्र आजच्या शास्त्राचे उत्तर दासोपंतांना ठाऊक होते असे म्हणण्याचे काही कारण नाही, आणि तसे म्हटल्याने त्यांचा मान वाढतो असेही नाही. त्यांच्या शोधाचे कापड वेगळे होते.

माझे कुतूहल मात्र शाईकडे वळले. जुनी काळी शाई कशी करीत, ते आपल्याकडच्या वयस्कर माणसांना ऐकून ठाऊक असते. दिव्यावर भांडे उपडे धरायचे, त्यावर जमलेली काजळी खरवडून घ्यायची, डिंकाच्या पाण्यात ती घालायची आणि खलायची. एक दिवस नव्हे, अनेक दिवस खलायची. बीडच्या माळावर बाभळींना तोटा नाही, तेव्हा डिंकालाही नसावा. यात काजळी काळी म्हणून लागते हे उघड आहे. पण डिंक कशाला? मला वाटे, कागदाला चिकटावी म्हणून. तेही खरेच, पण डिंकाचे मुख्य काम त्याच्याही आधीचे आहे.

हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. दिवाळीत पणत्या असतातच. मोठ्या माणसाने वाटी ज्योतीवर धरून थोडी काजळी धरावी, वाटी निवू द्यावी, आणि ती काजळी पाण्यावर टाकावी. ती तरंगत राहते. ढवळले तरी गोळे होतात आणि पाणी निवळ ते निवळ. काजळीला पाणी आवडत नाही; तिला काजळीच आवडते. आता तीच काजळी डिंकाच्या घट्ट पाण्यात नीट खलून मग पाण्यात सोडा. सगळे पाणी सारखे काळे होते आणि काळेच राहते.

असे का? काजळीचा एकेक मूळ कण वीस ते पन्नास नॅनोमीटरचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपल्या एका केसाच्या जाडीत असले दोन-अडीच हजार कण शेजारी शेजारी बसतील. ज्योतीतच हे कण एकमेकांना चिकटून मण्यांच्या माळांसारखे होतात. इतके बारीक कण जवळ आले की एकमेकांना ओढून घेतात आणि गुठळी होते. डिंकाचे रेणू लांबलचक आणि फांद्याफांद्यांचे. त्यांचा एक भाग कणाला बिलगतो, दुसरा पाण्यात पसरून राहतो. मग दोन कण जवळ आले तरी मध्ये या फांद्या येतात, आणि कण सुटे राहतात. कुणी हाताने एकेका कणाला डिंकाचे अंगरखे शिवीत बसत नाही. खलणारा खलतो आणि रेणू आपापली जागा घेतात. शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात.

या जुन्या युक्तीचे नवे प्रकरण २००२ सालचे. कार्बनच्या नॅनोनळ्या म्हणजे कार्बनच्या अणूंच्या जाळीची गुंडाळी करून झालेली अतिसूक्ष्म नळी. जपानच्या सुमियो इजिमांनी १९९१ मध्ये त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. या नळ्या वीज उत्तम वाहून नेतात, पण काजळीसारख्याच एकमेकींना घट्ट बिलगून त्यांचे दोर होतात. सुट्या कराव्यात कशा? इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डिंकाच्या पाण्यात घातल्या. बाभळीच्याच कुळातला तो अरबी डिंक. नळ्या सुट्या झाल्या आणि सुट्याच राहिल्या. हे बंद्योपाध्याय पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाले. शाई करणाऱ्या लेखनिकाने हे ऐकले असते, तर "यात नवीन ते काय?" असे त्याने नक्की विचारले असते.

स्वयंरचना आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. साबणाचे रेणू ताटाच्या तेलकटपणाभोवती आपोआप गोळा होतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स या बाईंना विद्यापीठात शिकायला मिळाले नाही; घरची धुणीभांडी त्यांच्याकडे होती. भांडी धुण्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग कसा पसरतो, हे पाहत त्यांनी घरीच पत्र्याचे एक साधे उपकरण केले आणि त्या तवंगाचा ताण मोजला. लॉर्ड रॅली यांनी त्यांचे पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि १८९१ मध्ये ते छापून आले. एका रेणूच्या जाडीच्या थरांचे जे शास्त्र पुढे वाढले, त्याचा एक पाया असा मोरीपाशी घातला गेला. ही हकिगत ऐकून वहिनींना फार बरे वाटले.

आता विजेकडे वळू. "काजळीतून वीज जाते का?" असे मी पुतणीला विचारले. तिने उत्तर न देता लॉजच्या खोलीतच कामाला सुरुवात केली. मऊ शिसाच्या पेन्सिलीने कागदावर जाड, गडद पट्टी गिरवली. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलची एक तार पट्टीच्या एका टोकाला टेकवली. दुसऱ्या टोकावर एक चिमुकला एल.ई.डी. दिवा, आणि त्याची दुसरी तार सेलकडे. दिवा लागला! तार पट्टीवरून जवळ आणली की उजेड वाढे, लांब नेली की मंदावे. पट्टी मध्ये खोडरबराने पुसली की अंधार.

पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, कार्बनच. त्यातले काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे बांधील नसतात. ते थरातून हिंडू शकतात. काजळीच्या कणातही असे थर असतात, जरा वेडेवाकडे. म्हणून कार्बन काळा आणि म्हणूनच तो विजेला वाट देतो. सुक्या सेलमधली काळी कांडी कार्बनची, आणि मिक्सर बंद पडल्यावर दुरुस्तीवाला "कार्बन झिजलाय" म्हणतो तोही हाच. तुमच्याआमच्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत तर खास बनवलेली काजळीच मिसळलेली असते, कारण तिथल्या दुसऱ्या भुकटीतून वीज सहज जात नाही.

गंमत पुढेच आहे. रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये काजळी थोडी थोडी मिसळत गेले तर सुरुवातीला काही फरक पडत नाही. कण सुटे, मधे अंतर, वीज अडलेली. आणखी घातली तरी तेच. मग एक मर्यादा अशी येते की आणखी चिमूटभर घालताच कणाला कण लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग माळ तयार होते, आणि वीज एकदम वाहू लागते. कण अगदी टेकलेच पाहिजेत असेही नाही. मधली फट दोन-चार नॅनोमीटरची असली तर इलेक्ट्रॉन ती ओलांडून जातो. १९५७ मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या दोघा इंग्रजांनी या सलग वाटेचे गणित मांडले. आता मला खजाना विहिरीच्या कठड्यावरचे वाक्य कळले. भेगेला भेग लागली की पाणी, कणाला कण लागला की वीज.

आणि इथेच शाईवाल्याचे आणि वीजवाल्याचे भांडण आहे. शाईवाल्याला कण सुटे हवेत, म्हणून त्याला डिंक हवा. वीजवाल्याला कण जोडलेले हवेत, आणि डिंकातून वीज जात नाही. कण सुटे करून हव्या त्या जागी नीट पसरायचे, आणि मग त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचे, ही दोन्ही कामे साधणे हीच या नव्या विद्येतली खरी कसरत. जगभरच्या प्रयोगशाळांत विद्युत्‌वाहक शाईवर जे काम चालते, त्यातला मोठा भाग या एका पेचावरचा आहे.

दुसऱ्या दिवशी परळीला गेलो. देवळात आरती चालू होती, कापराची ज्योत फिरत होती. हा कापूरसुद्धा आपल्या गोष्टीत आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त महेश्वर शरण यांनी कापरापासून निरनिराळे कार्बन बनवण्याचे काम केले. त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार पुढे जपानला गेले आणि तिथे योशिनोरी आंदो यांच्याबरोबर त्यांनी कापरापासून नॅनोनळ्या काढल्या. आरतीच्या तबकात त्या होत नाहीत, हे सांगायला हवे. त्यासाठी बंद भट्टी, भरपूर उष्णता आणि लोहाचा अंश असलेले एक द्रव्य लागते. लोहाच्या सूक्ष्म कणांवर कार्बनचे अणू आपणहून रचत जातात आणि नळी उगवते.

देवळातून बाहेर पडून थोडे गेले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. परळीत पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. तो तीस मेगावॉटचा होता. पुढे अडीचशे मेगावॉटपर्यंतचे संच आले. आपल्याला वाटते, परळीत तयार झालेले इलेक्ट्रॉन तारांतून धावत आपल्या घरी येतात. तसे नाही. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि तारेतला इलेक्ट्रॉन जागच्या जागी पुढेमागे डुलतो इतकेच. परळीचा एकही इलेक्ट्रॉन पुण्याला पोचत नाही. पोचते ती त्याने दिलेली ढकल. रांगेतल्या शेवटच्या माणसाला धक्का लागतो, तसे.

मात्र या केंद्रालाही पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. एक दुवा तुटला आणि सगळे थांबले.

मी पुतणीला म्हटले, "हे सारं ठीक. पण त्या ट्रकमधल्या पोरांना या तुझ्या नॅनोचा काय उपयोग?"

प्रश्न जरा टोचून विचारला होता. तिने राग धरला नाही. तिने जे सांगितले ते असे.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात महेंद्र शिरसाट हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. हे विद्यापीठ १९५८ सालचे, आणि बीड जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याशीच जोडलेली. शिरसाट आणि अमेरिकेतले अशोक मुलचंदानी व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. पॉलिॲनिलीन नावाचे एक विद्युत्‌वाहक प्लॅस्टिक आहे. 'ॲनिलीन' या शब्दात आपली नीळ लपलेली आहे, कारण ते द्रव्य पहिल्यांदा निळीपासून मिळाले. जुन्या काळी कापडावरचा कधी न जाणारा काळा रंग ॲनिलीनपासूनच करीत. प्लॅस्टिकमधूनही वीज वाहू शकते, हे दाखवल्याबद्दल शिराकावा, मॅकडायार्मिड आणि हीगर यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिरसाट मंडळींनी या पॉलिॲनिलीनच्या नॅनोतारा कुठलाही साचा न वापरता, द्रावणात वीज सोडून, दोन विद्युत्‌अग्रांच्या मधे वाढवल्या. तारा आपोआप एकमेकींत गुंतून जाळे झाले. मग त्या जाळ्यावर सोन्याचे सूक्ष्म कण बसवले.

सोनेच का? सोन्याचे आणि गंधकाचे जुने सख्य आहे. गंधक असलेले रेणू सोन्याच्या पृष्ठावर आपणहून शिस्तीत रांगा लावतात, हे नझो आणि अलारा यांनी १९८३ मध्ये दाखवले होते. चांदीचे ताट काळे पडते तेही गंधकामुळेच, हे घरोघर ठाऊक आहे. शिरसाटांच्या जाळ्याजवळ गंधकयुक्त वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आला की तो सोन्याच्या कणांना भिडतो आणि तारांतून जाणारी वीज बदलते. हा बदल मोजला की वायू कळला. अब्जांशाच्या मापात, आणि साध्या खोलीच्या तपमानाला.

हा वायू म्हणजे सडक्या अंड्याचा वास. गटारात, मैल्याच्या टाकीत, मळी साठवलेल्या खड्ड्यात तो तयार होतो. त्याचा दुष्टपणा असा की थोडा असला तर वास येतो, आणि जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. मग तो कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. माणसाला हाताने मैला काढायला लावू नये, संरक्षणाच्या साधनांवाचून गटारात वा टाकीत उतरवू नये, असा कायदा २०१३ मध्ये झाला. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या येतच राहतात. त्या टाक्या कुणाच्या असतात? आपल्याच सोसायट्यांच्या. आणि उतरणारा? पाऊस नाही, जमीन नाही, म्हणून कुठल्यातरी गावाहून शहरात आलेला.

"म्हणून काका," पुतणी म्हणाली, "हे उपकरण स्वस्त झालं पाहिजे. पेनासारखं खिशाला लावता आलं पाहिजे. शाईनं छापता आलं तर ते स्वस्त होईल. माझं पुढचं शिक्षण मला यातच करायचंय."

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "मग आपल्या सोसायटीत टाकी साफ करायला माणूस येतो, त्याच्याजवळ आत्ता काय असतं गं?"

पुतणी म्हणाली, "दोरी."

नंतर बराच वेळ मोटारीत कुणी बोलले नाही. वायूची सूचना देणारी यंत्रे बाजारात आजही मिळतात. नॅनोतारांच्या शोधाची वाट न पाहता ती घेता येतात आणि यंत्राने टाकी उपसून घेता येते. परत आल्यावर वहिनींनी सोसायटीच्या सभेत हा विषय काढला. टाकी यंत्रानेच उपसायची, माणूस आत उतरवायचा नाही, असा ठराव झाला. खर्च वाढेल म्हणून दोघांनी कुरकुर केली. वहिनींनी त्यांना देवीचा प्रसाद दिला आणि सही घेतली.

तेव्हा वाचकहो, अंबाजोगाईला जाल तेव्हा देवीची ओटी भरा, मुकुंदराजांच्या दरीत थोडा वेळ बसा, आणि दासोपंतांच्या पासोडीची चौकशी अवश्य करा. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने कापडावर ठेवलेली अक्षरे अजून आपली जागा सोडून गेलेली नाहीत. मुलांना बरोबर न्या. येताना केजच्या रस्त्यावर माणसांनी भरलेला ट्रक दिसला तर त्यांना सांगा, आपली साखर इथून निघते. आणि यंदा पणतीवर काजळी धराल तेव्हा बोटाला लागलेला तो काळा डाग धुण्याआधी त्यांना एकदा नीट पाहू द्या.